गुरुवारची वावटळ

ब्लाझेना झालेशाकांच्या अंगणात शिरली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. उन्हाने कौलं तापली होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आंबवलेल्या पिठाचा, खसखशीचा आणि सात बायकांच्या घामाचा वास बाहेर येत होता. नऊ वर्षांनी ती या घरी येत होती. शनिवारी तिच्या मुलीचं, आनेश्काचं, गावच्या अग्निशमन दलातल्या श्टेपानशी लग्न होतं. त्या गावात, दुबावात, लग्नाआधीच्या गुरुवारी नवरीच्या घरी कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजतात, आणि त्या दिवशी नवरीची आई दिसली नाही तर गावाला वर्षभर चघळायला पुरतं.

नवरीचं घर म्हणजे अर्थात बापाचं. ब्लाझेना नवऱ्याला, राडोवानला, सोडून ब्रनोला गेली आणि शहरात बस चालवायला लागली, तेव्हा आनेश्का सतरा वर्षांची होती. शाळेचं शेवटचं वर्ष म्हणून ती इथेच राहिली आणि मग राहूनच गेली. वर्षाच्या आत राडोवानने इवोनाला घरात आणलं. त्यानंतर पोरीला ताप आला की कपाळावर हात इवोनाचा असायचा. ब्लाझेनाला हे माहीत होतं. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

टेबलाच्या टोकाशी तिची सासू लुडमिला पिठाचे गोळे तोडत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, संधिवाताने बोटं वाकडी झालेली, पण गोळा प्रत्येक तेवढाच. ती उठली नाही. हात धुऊन घे, म्हणाली, मनुक्यांचं सारण भरायला एक माणूस कमी आहे. ब्लाझेनाने हात धुतले. तिची अडचण वेगळीच होती. या बाईला हाक काय मारायची? पूर्वी ती 'आई' म्हणायची. आता तो हक्क राहिला होता का, हे कुणी ठरवलं नव्हतं. म्हणून दिवसभर ती 'अहो' वर भागवत राहिली.

घरातल्या बाजू कशा लागल्या आहेत हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं. राडोवानचा थोरला भाऊ ओल्ड्रिख बिनलग्नाचा, अंगणामागच्या दोन खोल्यांत राहणारा, दिवसभर द्राक्षमळ्यात असणारा माणूस. तो मुद्दाम स्वयंपाकघरात आला आणि सगळ्या बायकांसमोर त्याने ब्लाझेनाला मिठी मारली. घटस्फोटात तो तिच्या बाजूने उभा राहिला होता. तेव्हापासून इवोनाशी तो एक अक्षर बोलला नव्हता. जेवताना मीठ हवं असलं तर आईला सांगायचा, तिला सांग. इवोनानेही ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. ती आईला सांगायची, त्याला सांगा, समोरच आहे. गावात हा विनोद झाला होता, घरात नव्हता.

राडोवान तेव्हा खिडकीबाहेर खुर्च्या ट्रेलरवर चढवत होता. त्याने मिठी पाहिली, नजर वळवली आणि ब्लाझेनाला मान हलवून नमस्कार केला. तो पोस्टमनला करावा तसा होता. संध्याकाळी त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाला, सभागृहात टेबलं मांडायला जायचं होतं.

चारच्या सुमारास इवोनाने ब्लाझेनाला वरच्या खोलीत नेलं. खिडकीजवळ लग्नाचा पोशाख टांगलेला होता. फुगलेल्या बाह्या, सात परकर आणि काळा एप्रन. बाह्यांवर पिवळ्या आणि तांबड्या रेशमाची फुलं इतकी दाट भरलेली की कापड दिसत नव्हतं.

"नोव्हेंबरपासून भरतेय," इवोना म्हणाली. ती सावकाश बोलायची, जणू प्रत्येक शब्दाला परवानगी मागत. "खांद्यावरची वेल तुझ्या आईच्या नमुन्याची आहे. आनेश्काने जुना फोटो दिला होता. तुला चालेल ना, ते विचारायचं राहिलं."

ब्लाझेनाने वेलीवरून बोट फिरवलं. आईच्या उशांवर, आईच्या रविवारच्या रुमालावर हीच वेल होती. तिला स्वतःला साधं बटण लावता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी येतंय असं वाटताच तिला या बाईचा भयंकर राग आला.

"उजवी बाही लांब झालीय," ती म्हणाली आणि खाली निघून आली.

पायऱ्यांवरच तिला आपल्या बोलण्याची लाज वाटली. पण परत वर जाऊन सांगावं एवढं धैर्य तिच्याकडे नव्हतं.

सहा वाजता शेजारणी घरी गेल्या. कोलाचे भरलेले ट्रे गार राहावेत म्हणून तळघरात नेऊन ठेवले होते. राडोवान शेवटच्या खुर्च्या घेऊन गेला. हवा अशी झाली होती की श्वास घेतला तरी पुरत नव्हता. गावामागून पिवळसर, जखमेच्या कडेसारखं आभाळ वर चढत होतं. लुडमिला म्हणाली, पडून जाऊ दे आजच, शनिवार मोकळा होईल.

सात वाजून गेले आणि गारा आल्या. पहिली गार अंगणातल्या टबावर आदळली तेव्हा आनेश्का हसली होती. सहावी-सातवी आली ती कोंबडीच्या अंड्याएवढी, आणि स्वयंपाकघराची खिडकी फुटली. ओल्ड्रिख मळ्यातून धावत आला, भुवईवरून रक्त गळत होतं. वरून काचा पडल्याचा आवाज आला. इवोना म्हणाली, पोशाख भिजेल, आणि जिना चढून गेली. कुणी अडवलं नाही. गाराच तर होत्या.

मग गारा एकदम थांबल्या.

ब्लाझेना दारात गेली. कानांना दडे बसल्यासारखं झालं होतं. डेपोमध्ये पहाटे दोनशे बस एकाच वेळी चालू करून ठेवाव्यात तसा घरघराट येत होता, आणि तो जमिनीतून येत होता, पायाच्या तळव्यांना लागत होता. चर्चच्या मनोऱ्यापलीकडे आभाळच जमिनीला टेकलं होतं. मातकट काळी भिंत, गावाएवढी रुंद, स्वतःभोवती फिरत असलेली. तिच्याभोवती पाखरं घिरट्या घालत होती. नीट पाहिल्यावर तिला कळलं की ती पाखरं नव्हती. छपरांचे पत्रे होते.

"आग लागलीय कुठेतरी," ओल्ड्रिख तिच्या मागून म्हणाला. "धूर आहे."

त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. दुबावात शंभर वर्षांच्या माणसानेही असं काही पाहिलं नव्हतं. वावटळ म्हणजे कापणीनंतर शेतात पाचोळा उडवणारी, मुलांनी मागे धावायची गोष्ट. असलं प्रकरण अमेरिकेत घडायचं, सिनेमात. त्याच क्षणी मनोऱ्याचं टोक, क्रुसासकट, अलगद उचललं गेलं आणि दिसेनासं झालं.

"तळघरात!" ब्लाझेना ओरडली. "आई, आनेश्का, खाली! सगळं टाका!"

आनेश्काने आजीला जवळजवळ उचलूनच पायऱ्या उतरवल्या. ब्लाझेना जिन्याकडे धावली. वर, वळणावर, इवोना उभी होती. हातात पोशाखाचं गाठोडं, चेहरा पांढरा. ब्लाझेनाने हात पुढे केला. इवोना दोन पायऱ्या उतरली, आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. मोडलं नाही, कोसळलं नाही. झाकण काढावं तसं गेलं. जिथे तुळया होत्या तिथे गरगरणारा काळोख दिसला. ब्लाझेनाचे पाय जमिनीवरून सुटू लागले तेवढ्यात ओल्ड्रिखने तिला कमरेला धरून मागे ओढलं आणि तळघराच्या पायऱ्यांवर ढकललं.

दार बाहेर ओढलं जात होतं. ते दोघं लोखंडी कडीला लोंबकळले. आनेश्का येऊन त्यांच्या कमरेला लटकली. खाली लुडमिला मोठ्याने प्रार्थना म्हणत होती, पण फक्त ओठ हलताना दिसत होते. नंतर गावात कुणी म्हणालं दोन मिनिटं चाललं, कुणी म्हणालं अर्धा तास. ब्लाझेनाने मनात अंक म्हटले होते, ते पंच्याऐंशीपर्यंत गेले. मग कडी एकाएकी सैल झाली आणि ते तिघं एकमेकांवर पडले.

बाहेर उजेड होता. हे सगळ्यात विचित्र होतं. स्वयंपाकघरात असा उजेड कधीच नसायचा. वर पाहिलं तर वरचा मजला नव्हता. अंगणातली मोटार शेजाऱ्यांच्या कुंपणावर उलटी पडली होती. उरलेल्या भिंतींवर चिखल आणि गवत इतकं एकसारखं थापलेलं होतं, जणू गवंड्याने मन लावून काम केलं होतं. कापलेल्या हिरव्या लाकडाचा वास सुटला होता आणि त्यात गॅसचाही.

इवोना जिन्याच्या तळाशी सापडली. एक वासा तिच्या पाठीवर आडवा होता, तो ओल्ड्रिखने उचलला. ती शुद्धीत होती. पोशाखाचं गाठोडं तिच्या पोटाखाली होतं. डाव्या मांडीत पत्र्याचा तुकडा शिरला होता आणि पायरीवरून रक्त धारेने खाली येत होतं, थेंब थेंब नव्हे.

बसवाल्यांना दरवर्षी प्रथमोपचाराचा वर्ग असतो. नऊ वर्षं ब्लाझेना मागच्या बाकावर बसून जांभया देत आली होती. आता हात आपोआप चालू लागले. कमरेचा पट्टा काढून तिने मांडीच्या वरच्या बाजूला आवळला, लाटणं घालून पिळला. इवोना किंचाळली. पत्र्याला हात लावू दिला नाही. धार कमी झाली, मग थांबली. ट्रेंवर नावं घालायचा पेन टेबलाखाली पडला होता. त्याने तिने इवोनाच्या कपाळावर लिहिलं, ७.३४.

"हे कशाला?" लुडमिलाने विचारलं.

"पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर पाय जातो. डॉक्टरला कळायला हवं, किती वाजता बांधला."

फोन लागत नव्हते. आनेश्का गुडघे टेकून इवोनाचे केस बाजूला करत होती, आणि मध्येच उठून सभागृहाच्या दिशेला पाहत होती. तिकडे घरांची रांग संपत होती आणि पुढे काहीच उभं दिसत नव्हतं. तिचा बाप तिकडे होता. पोरीचे दोन तुकडे होताहेत हे ब्लाझेनाला दिसलं.

"तू बाबाला शोध," ती म्हणाली. "वायरींना हात लावू नकोस, गॅसचा वास आला तर लांबून जा. श्टेपान अग्निशमनच्या लोकांबरोबर असेल, त्याला गाठ."

"आणि इवोना?"

"इवोना माझ्याकडे."

आनेश्काने आईकडे क्षणभर पाहिलं, जणू तोलून बघत होती, आणि धावत सुटली.

रस्ता बंद होता. सिमेंटचे विजेचे खांब काडीसारखे मोडून आडवे पडले होते, त्यांवर मोटारी, मोटारींवर छपरं. रुग्णवाहिका आली असती तरी गावाबाहेरच थांबली असती. होडोनीनचं इस्पितळ चौदा किलोमीटरवर. ओल्ड्रिखच्या शेडचं छप्पर उडालं होतं, पण मळ्यातला अरुंद ट्रॅक्टर जागेवर होता, पुढच्या भागावर जर्दाळूचं झाड पडलेलं. दोघांनी ते ढकलून काढलं. मागे छोटा ट्रेलर जोडला, त्यात गादी टाकली, एका दारावर इवोनाला निजवून आणलं. लुडमिला न विचारता चढली, बसली आणि इवोनाचं डोकं तिने मांडीवर घेतलं. तिच्या एप्रनला अजून पीठ चिकटलेलं होतं.

घरामागून टेकडी चढली की पलीकडे शेतरस्ता लागतो, तो थेट मोठ्या रस्त्याला मिळतो. टेकडीवर ओल्ड्रिखचा मळा होता. वर जाणारी गाडीवाट मुळासकट उपटलेल्या अक्रोडांनी बुजून गेली होती, आणि मळा मात्र उभा होता. खाली अख्खं गाव भरडून निघालं होतं आणि इथे गारांनी पानं फाटली होती, तेवढीच. ओळी उताराला आडव्या, खांबांना ताणलेल्या तारांवर, बावीस. ओल्ड्रिखच्या आजोबांनी युद्ध संपल्यावर लावलेल्या वेली. मनगटाएवढी झालेली खोडं. त्यांच्या छाटणीला तो दुसऱ्या माणसाला हात लावू देत नसे.

तो मळ्याच्या कडेला थांबला. ब्लाझेना ट्रॅक्टरवर होती, तिने इंजिन चालूच ठेवलं. ट्रॅक्टर वेलींतूनच घालावा लागणार, हे तिच्या तोंडून निघेना.

"किती वाजले?" ओल्ड्रिखने विचारलं.

"सात पन्नास."

त्याने खिशातून तारा तोडायची पकड काढली आणि पहिल्या ओळीकडे चालू लागला. ताणलेली तार तुटली की चाबकासारखी उलटत होती, तो मान खाली घालून पुढची धरत होता. तीन तारा तोडायच्या, बाजूला व्हायचं, हात करायचा. मग ब्लाझेनाने ट्रॅक्टर घालायचा. खांब कडकन मोडत, वेली चाकाखाली जात, त्यांचा रस पानांवर उडे. पहिल्या ओळीला तिने डोळे अर्धवट मिटले होते. पाचव्या ओळीपासून ती फक्त त्याच्या हाताकडे पाहत होती. तो एकदाही मागे वळला नाही. अकराव्या ओळीला ट्रेलर एका खोडावर अडकला, तिरका झाला, आणि इवोना ओरडली. ओल्ड्रिख धावत आला, खांदा लावून त्याने चाक उचललं आणि ट्रेलरमध्ये डोकावला.

"पाय हलवू नकोस," तो म्हणाला. "अर्धं झालं."

इवोनाने त्याच्याकडे बघितलं. ओठ निळसर झाले होते. "माझ्याशी बोलतोयस?"

"तुझ्याशीच," ओल्ड्रिख म्हणाला. "इथे दुसऱ्या कुणाचा पाय मोडलाय?"

"मोडला नाहीये. कापलाय."

"बरं. कापलाय."

नऊ वर्षांचं मौन एवढ्यावर संपलं, आणि त्याकडे लक्ष द्यायलाही कुणाला सवड नव्हती. तो बाराव्या ओळीकडे गेला.

माथ्यावर पोचल्यावर ब्लाझेनाने एकदाच मागे पाहिलं. टेकडीवर एक सरळ हिरवा चर पडला होता. त्याच्या खाली गाव नव्हतं, विटांचा ढीग होता, आणि त्यातून माणसं मुंग्यांसारखी बाहेर येत होती. कुणीतरी दार उचलत होतं. दुसरीकडे एकाने छोटा झेंडा फडकवला होता, की तो कुणाचा शर्ट होता. लुडमिलाही तिकडेच पाहत होती. सभागृहाच्या जागी तिची नजर ठरली होती. ती राडोवानचं नाव घेईल असं ब्लाझेनाला वाटलं. पण म्हातारीने डोळे पुसले, इवोनाच्या गालावर थापट मारली आणि तिला झोपू देऊ नका म्हणतात ना, असं विचारलं. ब्लाझेना हो म्हणाली. मग लुडमिला इवोनाला स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगू लागली. त्यात एका बैलाने वराला चिखलात पाडलं होतं. इवोनाने ती गोष्ट वीस वेळा ऐकली होती. तरी ती मध्येमध्ये विचारत राहिली, मग पुढे काय झालं.

मोठा रस्ता मोकळा होता. समोरून निळे दिवे लावलेल्या गाड्या एकामागून एक दुबावाकडे धावत होत्या. शेजारच्या गावांतून ट्रॅक्टर निघाले होते, खोरी-कुदळी घेतलेल्या माणसांनी भरलेले. ते पाहून ब्लाझेनाला इतक्या वेळात पहिल्यांदा रडू आलं. रडतच तिने ट्रॅक्टर त्याच्या ताकदीबाहेर पळवला.

इस्पितळाच्या आवारात काचा फुटलेल्या मोटारी वेड्यावाकड्या उभ्या होत्या. एक नर्स हातात कागद घेऊन प्रत्येक गाडीपाशी जात होती. तिने इवोनाच्या कपाळावरची वेळ वाचली, मागे वळून दोघा मदतनिसांना हाक मारली आणि स्ट्रेचर मागवलं. नाव विचारलं, वय विचारलं. मग ब्लाझेनाकडे वळली.

"तुम्ही पेशंटच्या कोण?"

ब्लाझेनाने तोंड उघडलं. शेजारीण नव्हती. बहीण नव्हती. जे होती त्याला सांगण्याजोगं नाव नव्हतं.

"माझ्या मुलीची आई," स्ट्रेचरवरून इवोना म्हणाली.

नर्सचा पेन थांबला. तिने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. ब्लाझेनाने नऊ वर्षं हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकावं लागू नये म्हणून किती सण ब्रनोत एकटीने काढले होते. आता ते ऐकलं, आणि त्यात हिसकावून घेतल्यासारखं काही तिला सापडलं नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लिहा तसंच. आणि इवोना, बाही लांब नव्हती."

"माहीत आहे," इवोना म्हणाली, आणि तिला आत नेलं.

ओल्ड्रिख थांबला नाही. ट्रॅक्टर घेऊन तो गावाकडे परत गेला, हात हवे असतील म्हणाला. लुडमिला आणि ब्लाझेना बाकावर बसल्या. वीसेक मिनिटांनी ब्लाझेनाचा फोन वाजला, गावातून पुन्हा फोन लागू लागले होते. आनेश्का एका श्वासात बोलत होती. बाबा सापडला, सभागृहाचं छप्पर पडलं तेव्हा तो टेबलांच्या चळतीखाली शिरला होता, गळपट्टीचं हाड मोडलंय, श्टेपानच्या लोकांनी काढलं, आता दगडावर बसून सगळ्यांना शिव्या देतोय. शेजारणी सगळ्या जिवंत आहेत. तळघरातले कोलाचे त्यांनी बाहेर काढलेत आणि येईल त्या माणसाला देताहेत. चर्चला छप्पर नाही. पाद्रीबाबा म्हणतात, छप्पर नसलं तरी लग्न लागतं. तेव्हा शनिवारीच, आई. सगळ्यांनी जाड बूट घालून यायचं, काचा आहेत. इवोना कशी आहे? ब्लाझेनाने सांगितलं.

राडोवान जिवंत आहे हे कळल्यावर लुडमिला भिंतीला टेकून किती तरी वेळ डोळे मिटून बसली. मग ती सरळ झाली.

"शनिवारीच म्हणाली?"

"शनिवारीच."

"मग रुमाल कोण बांधणार?"

लग्नाच्या संध्याकाळी नवरीचा मुकुट उतरवून तिच्या डोक्याला तांबडा रुमाल बांधतात. तो मान घरच्या बाईचा. लुडमिलाच्या बोटांत आता गाठ मारण्याचं बळ नव्हतं, म्हणून हिवाळाभर तिने तो बांधायला इवोनाला शिकवलं होतं.

"मला येत नाही," ब्लाझेना म्हणाली.

"दिसतंय की. म्हणून तर विचारतेय." म्हातारीने समोरून चाललेल्या नर्सकडे एक टॉवेल मागितला, त्याची तिरकी घडी केली आणि स्वतःचं धुळीने पांढरं झालेलं डोकं पुढे केलं. "मधला भाग कपाळावर. नाही, वर. कानाच्या मागून ने."

ब्लाझेनाने तो बांधला, तो सुटला. पुन्हा बांधला. म्हातारीचे केस लहान मुलीसारखे विरळ होते, त्यात चुन्याचे कण होते.

"तू का गेलीस ते मी तुला कधी विचारलं नाही," लुडमिला खाली बघत म्हणाली.

"नाही विचारलंत."

"आता विचारलं तर?"

"सांगायला वेळ लागेल."

"आहे की वेळ. आत तिचं चाललंय."

ब्लाझेनाने गाठ हातात धरूनच सांगितलं. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही. इवोना आणि राडोवान यांचं तिच्या जाण्याआधी वर्षभर जमलेलं होतं. तिने ते पाहिलं होतं. ओल्ड्रिखनेही. तिने त्याला गप्प राहायला लावलं, कारण आनेश्का इथे राहणार होती, आणि पोरीला एका घरात तरी मान ताठ ठेवून वावरता यावं असं तिला वाटलं. मग गाव म्हणालं की ब्लाझेनालाच शहराचं वेड लागलं, आणि तिने म्हणू दिलं.

लुडमिलाने एप्रनला चिकटलेलं पीठ नखाने खरवडलं.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "भिंतीला कान नसले तरी मला होते. पण मुलगा घरात राहणार होता आणि तू जाणार होतीस. जो राहणार त्याची बाजू घेतली. म्हातारपणी माणूस असा हिशेब करतो. चांगला नव्हता तो."

ब्लाझेनाचे हात थांबले. राग येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. तो आलाही, पण दमलेला, लांबून चालत आल्यासारखा.

"मान हलवू नका, आई," ती म्हणाली. "सुटेल."

तिसऱ्यांदा गाठ बसली. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले, तरुणच होते, टोपीखाली घामाने भिजलेले. दोघी एकदम उभ्या राहिल्या. डॉक्टरांची नजर म्हातारीच्या डोक्यावर नव्या नवरीसारख्या बांधलेल्या टॉवेलवर अडली, पण त्यांनी काही विचारलं नाही. रक्त बरंच गेलं होतं, ते म्हणाले. शीर जोडली आहे. पाय राहील. पट्टा कुणी बांधला होता? लुडमिलाने ब्लाझेनाकडे बोट केलं. डॉक्टरांनी मान डोलावली. शनिवारी तिला उठता येणार नाही, हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.

ते गेल्यावर लुडमिला खाली बसली. तिचा चेहरा भिजला होता. वाकड्या बोटांनी तिने टॉवेल चाचपला, ओढून सोडवला आणि ब्लाझेनाच्या हातात दिला.

"पुन्हा बांध," ती म्हणाली. "डावं टोक सैल होतं."